खोडलेला दोन

प्रल्हाद राठोड माझ्या टेबलासमोर उभे होते आणि काही केल्या बसत नव्हते. हातात रीचेकिंगचा फॉर्म, चार घड्या घातलेला. मी दोनदा खुर्ची पुढे केली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "राहू द्या मॅडम, बरा आहो."

"काय झालं ते सांगा."

"माह्या पोरीचा एका मार्कानं नंबर हुकला. थे म्हणते, सतरा नंबरचं गणित माह्यं बरोबर आहे. घरी येऊन पुन्हा करून पाह्यलं तिनं. मले तं त्यातलं काही समजत नाही. पण थे उगाच बोलत नाही, एवढं मले समजते."

आधी माझं सांगते. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. यवतमाळात एक संस्था आहे, नाव सांगत नाही. खेड्यापाड्यातल्या दहावी झालेल्या मुलांना ती दोन वर्षं होस्टेलवर ठेवते आणि अकरावी-बारावी सायन्स फुकट शिकवते. काम चांगलं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जागा तीस. त्यासाठी जिल्हाभरातून परीक्षा होते, आणि गणिताच्या पेपरची मॉडरेटर म्हणून मला बोलावतात. मॉडरेटर म्हणजे तपासणाऱ्यांवर नजर ठेवणारी. दर गठ्ठ्यातले चार-दोन पेपर काढायचे, गुण नीट दिलेत का ते बघायचं, हिरव्या पेनानं सही करायची.

आणि रीचेकिंग. लोकांना वाटतं, रीचेकिंगमध्ये पेपर पुन्हा तपासतात. तसं नसतं. गुणांची बेरीज पुन्हा करतात आणि एखादा प्रश्न तपासायचा राहून गेला का, तेवढं बघतात. दिलेल्या गुणाला हात लावत नाहीत. हे मी राठोडभाऊंना सांगितलं.

फॉर्मची घडी उलगडत ते म्हणाले, "म्हणजे चुकीचं तपासलं असंन, तरी तसंच राह्यते?"

हा नियम मी तीन वर्षं लोकांना ऐकवत होते. असं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं.

"पोरगी कुठे आहे?"

"भायेर बाकावर बसली आहे. निकिता नाव तिचं."

"नंबर नाही लागला तर काय करेल?"

"आर्ट्स घेईन. आमचा तांडा पुसदच्या पल्याड आहे. तांड्यावरून सकाळी एक गाडी आहे कॉलेजले जायाले. पण सायन्सचं प्रॅक्टिकल सुटेपर्यंत वापस येणारी गाडी निघून जाते. दुसरी नाही. मंग सायन्स कसं करन थे? तिले तं सायन्सच पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीन दिवस झाले, नीट जेवली नाही."

मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि गठ्ठा काढला.

पेपरवर नाव नसतं, कोड असतो. कोड जुळवून निकिताचा पेपर काढला. अक्षर बारीक, ओळी सरळ. सगळ्या विषयांचे मिळून गुण एकशे अकरा. यादीतल्या शेवटच्या मुलाला एकशे बारा. बेरीज केली, बरोबर होती. नियमाप्रमाणे माझं काम इथे संपलं होतं. मी पान उलटून सतरावा प्रश्न काढला.

प्रश्न असा होता. समीकरण सोडवा, चार गुण:

x/(x−2) + 1/x = 4/(x²−2x)

ज्यांचा गणिताशी संबंध सुटला आहे त्यांनी घाबरू नये, मी सोपं करून सांगते. x म्हणजे आपल्याला माहीत नसलेली एक संख्या. ती शोधायची. इथे अडचण अशी की x अपूर्णांकांच्या खाली, म्हणजे छेदात बसलेला आहे. छेद असले की हिशेब करता येत नाही, म्हणून आधी सगळे छेद घालवायचे. तिन्ही छेदांना पुरेल अशी राशी x(x−2). त्या राशीनं दोन्ही बाजूंना गुणलं की छेद जातात आणि उरतं x² + x − 6 = 0. हे झालं वर्गसमीकरण, म्हणजे ज्यात x चा वर्ग आहे असं. त्याचे अवयव पाडले की दोन किमती मिळतात. x बरोबर 2 किंवा x बरोबर −3.

इथवर दहावीतलं कुठलंही बरं पोर येतं. खरी परीक्षा याच्या पुढे असते.

मुळात छेदात x−2 होतं. आता x ला 2 म्हणा. छेद किती झाला? शून्य. आणि शून्यानं भागता येत नाही. पाच भाकरी आहेत, शून्य माणसांत वाटा, प्रत्येकाला किती? प्रश्नच चुकीचा आहे. म्हणजे 2 ही किंमत मूळ समीकरणात चालतच नाही. मग ती आली कुठून? आपण छेद घालवले ना, तेव्हा शिरली. छेद नसलेल्या समीकरणात ती बसते, छेद असलेल्यात बसत नाही. मी वर्गात तिला घुसखोर म्हणायची. म्हणून अशा गणितात शेवटी प्रत्येक किंमत पहिल्या ओळीत परत टाकून बघायची असते. −3 टाकून बघा. डावीकडे तीन पंचमांश वजा एक तृतीयांश, म्हणजे चार पंधरांश. उजवीकडेही चार पंधरांश. बसली. उत्तर एकच, −3.

निकितानं हेच केलं होतं. दोन्ही किमती लिहिल्या होत्या. मग x = 2 वर पट्टी लावून एक सरळ रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "x = 2 घेतले तर छेद शून्य होतो. म्हणून ही किंमत चालत नाही." खाली चौकटीत x = −3.

आणि त्याच्यावर लाल पेनानं, चारपैकी तीन.

माझं डोकं सणकलं. माझा राग यवतमाळात प्रसिद्ध आहे, शाळेतल्या शिपायापासून हेडमास्तरपर्यंत सगळ्यांनी तो सोसलेला आहे. पण त्या दिवशीचा वेगळा होता. पोरीनं चूक केली आणि गुण गेला, तर मला काही वाटत नाही. बरोबर केलं म्हणून गुण गेला होता.

पेपर सोनालीनं तपासला होता. सोनाली वानखडे, माझीच विद्यार्थिनी, आता स्वतः गणित शिकवते. शेजारच्या खोलीत गुणांची यादी लिहीत होती. मी पेपर तिच्यासमोर टाकला.

"हा गुण कशाचा कापला?"

तिनं पाहिलं. "मॅडम, की मध्ये दोन उत्तरं आहेत. दोन आणि वजा तीन. हिनं एकच ठेवलं. दुसरं खोडून टाकलं."

की म्हणजे नमुना उत्तरपत्रिका. प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर आणि कुठल्या पायरीला किती गुण, हे त्यात छापलेलं असतं. तपासणाऱ्यानं तिच्याबाहेर जायचं नसतं.

"शेजारी कारण लिहिलंय, ते वाचलं का?"

"खोडलेलं तपासायचं नसते ना मॅडम. तुमीच सांगितलं होतं पहिल्या दिवशी."

सांगितलं होतं, खरं आहे. काही पोरं दोन-दोन उत्तरं लिहितात, म्हणजे त्यातलं एक तरी लागेल. त्यांच्यासाठी हा नियम आहे. खोडलेलं ते नाहीच असं समजायचं. हॉलमध्ये तीस-तीस पेपरचा गठ्ठा समोर असतो, पाठीमागून कुणीतरी घाई करत असतं. शेवटची ओळ बघायची, की शी जुळली तर टिक, नाही जुळली तर कापा. वाचतो कोण?

"सोनाली, दोन टाकून बघ. आत्ता. माझ्यासमोर."

तिनं कागद ओढला. पहिल्याच पायरीला पेन थांबलं. तिचे कान लाल झाले.

"अवं माय," ती म्हणाली. "मॅडम, मले वर्गात हे शिकवता येते. मी स्वतः शिकवतो पोरांना."

"मग इथे काय झालं होतं?"

"की मध्ये होतं ना."

हेच. याचाच मला संताप आहे. डोळ्यांसमोर पोरीनं कारण लिहून दिलेलं आहे, स्वतःला ते येतं, तरी की मध्ये छापलंय म्हणून डोकं बंद. आणि की काढणारे सर कोण, तर बाहेरगावच्या मोठ्या क्लासचे. त्यांनी काय केलं असेल ते मला बसल्या जागी दिसत होतं. वर्गसमीकरण आलं, म्हणजे दोन उत्तरं. छापा दोन. पोरांच्या डोक्यात हे आठवीपासून ठोकलेलं असतं की वर्ग आला की उत्तरं दोन, एकच लिहिलं तर गुण कापतील. भीतीनं पोरं चालत नाही ती किंमतही लिहून ठेवतात. त्यांना चारपैकी चार मिळाले होते. जिनं तपासून पाहिलं तिला तीन.

पेपर घेऊन मी तडक सचिवांच्या केबिनमध्ये गेले. मुकुंदराव हे संस्थेचे सचिव. आयुष्यभर बँकेत मॅनेजर होते. माणूस वाईट नाही. पण कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचं पहिलं उत्तर "बघू" असतं.

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

"बघायचं काही नाही मुकुंदराव. की चुकीची आहे. पोरीला एक गुण द्या. एकशे बारा होतात. शेवटच्या मुलाशी बरोबरी. बरोबरी झाली की गणितात ज्याचे जास्त तो वर, हा आपलाच नियम आहे. गणितात तिचे जास्त आहेत."

"मॅडम, यादी लागून तीन दिवस झाले. पालक येऊन गेले. परवा मुलांचा सत्कार आहे. आता कुणाला सांगू, तुझं नाव काढलं म्हणून?"

"कुणाचं काढू नका. एक वाढवा."

"खाटा तीस आहेत."

"खाट आणा."

"आणि रीचेकिंगमध्ये गुण बदलत नाहीत. पॉलिसी आहे." मग ते मागे वळले, कपाटातून फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडी ठेवली. "की बद्दल म्हणाल, तर ती तीन जणांनी तपासूनच फायनल केली आहे. ही बघा."

सतराव्या प्रश्नाचं पान होतं. खाली तीन सह्या. मधली हिरव्या पेनातली. माझी.

तेव्हा आठवलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मीटिंग होती. बावीस पानांची की. आलूबोंडे आले होते, चहा आला होता, पलीकडे कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाच्या गप्पा चालल्या होत्या. पानं पुढे सरकत होती आणि मी एकेका पानावर सही ठोकत होते. मोठ्या क्लासचे सर आहेत, त्यांनी काढलंय, म्हणजे ठीकच असणार. मघाशी सोनालीला झापून आले होते मी. तिनं निदान की वर विश्वास ठेवला होता. मी तर वाचलीच नव्हती.

"म्हणजे चूक असेलच," मुकुंदराव शांतपणे म्हणाले, "तर तुमची आहे."

"हो. माझी आहे."

त्यांना बहुतेक वेगळं उत्तर अपेक्षित होतं.

"मी लेखी देते," मी म्हणाले. "प्रश्न सतरा, की चुकीची, न वाचता सही केली. कागद द्या."

"अहो मॅडम, लेखी कशाला? बाहेर गेलं तर संस्थेचं नाव खराब होईल. तुमचं पण होईल. एवढी वर्षं झाली तुम्हाला."

"होऊ द्या खराब. कायले भ्यायचं? मी चुकले आणि त्याची शिक्षा त्या पोरीनं भोगायची, हे कुठल्या पॉलिसीत लिहिलंय, ते दाखवा."

मी चिडले की माझी भाषा माहेरच्या राळेगावात जाते. ऑफिसातल्या मुली दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मुकुंदराव म्हणाले, "बोलवा मुलीला. तिला विचारू. बरोबर सांगते का बघू."

या गोष्टीचाही मला राग आला, अजून येतो. की चुकीची, सही माझी, आणि तपासणी कुणाची, तर पोरीची. पण मी गप्प बसले. मला माहीत होतं, ती सांगेल.

निकिता आत आली. सडपातळ, दोन वेण्या, चेहरा उतरलेला. मागे वडील. त्यांनी गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, तिला हळूच काहीतरी सांगितलं. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

मुकुंदरावांनी पेपर पुढे केला. "हे तू लिहिलं?"

"हो सर."

"आधी दोन लिहिलं, मग खोडलं. काहून? शेजारच्याचं पाहून?"

राठोडभाऊंनी मान वर केली. मी तोंड उघडणार तेवढ्यात निकिताच बोलली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"नाही सर. आलं म्हणून लिहलं. चालत नाही म्हणून खोडलं."

"चालत नाही कसं काय? की मध्ये तं आहे."

"तुमी टाकून पाहा ना सर. x च्या जागी दोन टाका."

"मला कुठे गणित येतं आता."

"मोबाइलवर पाहा. पहिल्या अपूर्णांकात वर दोन आहे. खाली दोनातून दोन गेले, शून्य. दोन भागिले शून्य करा."

मुकुंदरावांनी मोबाइल काढला. चष्मा कपाळावरून खाली ओढला. दोन दाबलं, भागाकार दाबला, शून्य दाबलं. स्क्रीनकडे बघत राहिले. पुन्हा केलं. मग माझ्याकडे स्क्रीन फिरवून म्हणाले, "शून्यानं भागता येत नाही म्हणतो हा."

चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई त्यांच्यासमोर वीस मिनिटं हेच सांगत होती. त्यांना पटलं नव्हतं. मोबाइलनं सांगितलं, लगेच पटलं. त्या वेळी मी हसले नाही. आता लिहिताना हसू येतं, पण अर्ध्यातच पुन्हा राग येतो.

"मग वजा तीनचं काय?" त्यांनी निकिताला विचारलं. आता आवाज बदलला होता.

"थे बसते सर. दोन्हीकडे चार पंधरांश येते. मी पेपरातच मागच्या पानावर करून पाह्यलं आहे."

मी मागचं पान उलटलं. होतं. तिथे कुणी टिकही केली नव्हती, फुलीही मारली नव्हती. कोणी बघितलंच नव्हतं.

मग मी म्हणाले, हिच्या एकटीचा पेपर बदलून भागणार नाही, सगळे गठ्ठे उघडा. मुकुंदरावांनी कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाले नाहीत. दोन दिवस मी, सोनाली आणि आणखी दोन शिक्षक बसलो आणि प्रत्येक पेपरातला फक्त सतरावा प्रश्न पाहिला. 2 ही किंमत कारण देऊन नाकारणारी आणखी चार पोरं निघाली. एक झरी जामणीकडचा होता, त्यानं तर कारण सांगायला छोटंसं चित्र काढलं होतं. ही चौघं यादीपासून लांब होती, एका गुणानं त्यांना जागा मिळणार नव्हती. तरी चौघांचे गुण वाढवले आणि शाळांना पत्रं टाकली. त्यातल्या एका हेडमास्तरांचा फोन आला, "मॅडम, यानं काय फरक पडते?" मी म्हटलं, पोराचं उत्तर बरोबर होतं, एवढा फरक पडतो, वर्गात सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

ज्यांनी दोन्ही किमती लिहिल्या होत्या त्यांचे गुण कापायचे का, यावर बरीच वादावादी झाली. मी म्हणाले, नको. की आपली चुकीची, त्यांना का मारायचं? यादी हलणार नाही म्हणून शेवटी सगळे हो म्हणाले. काटेकोर न्यायानं हे बरोबर होतं का, मला आजही नक्की सांगता येत नाही.

निकिताचे एकशे बारा झाले. एकतिसावी जागा मंजूर झाली. आणि खाट? खाट होतीच. होस्टेलच्या स्टोअररूममध्ये दोन जास्तीच्या पडून होत्या. वॉर्डनबाईंनी सहज सांगितलं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

बाप-लेक प्रवेशाचं पत्र न्यायला पुन्हा आले. ऑफिसातून पत्र टाइप होऊन आलं. निकितानं ते उभ्याउभ्या वाचलं. मग माझ्याकडे आणलं.

"मॅडम, विशेष बाब म्हणजे काय?"

मी पत्र घेतलं. त्यात लिहिलं होतं, आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून, आपणांस प्रवेश देण्यात येत आहे.

"विशेष बाब म्हणजे," मी सांगितलं, "नियमात बसत नाही, तरी दिलं."

"पण मी तं बसतो ना नियमात." पोरगी गोंधळून माझ्याकडे बघत होती. "एकशे बारा आहेत माह्ये."

"आहेत."

"मंग सहानुभूती कायले?"

राठोडभाऊ मधे पडले. "अवं पोरी, घे ना. जागा भेटली ना तुले. कागदावर काय लिवलं, त्याले काय करायचं?" त्यांचं चुकत नव्हतं. चार फेऱ्या झाल्या होत्या त्यांच्या, मजुरी बुडवून. मिळालेलं हातातून जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

"बा, हे पत्र इथल्या फायलीत राहीन. दोन वर्षं सगळे पाहतीन. म्हणतीन, हिले दया करून घेतलं." तिनं पत्र टेबलावर ठेवलं. "मले असं नाही पाहिजे."

राठोडभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी पत्र उचललं, पुन्हा ठेवलं.

मी तिला घेऊनच केबिनमध्ये गेले. मुकुंदराव म्हणाले, "फॉरमॅट आहे मॅडम तो. असंच लिहितात. तिला नको असेल तर वेटिंगवर मुलं आहेत."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. नुसतं रागावून चालणार नव्हतं, म्हणून एक-एक शब्द मोजून बोलले. "मुकुंदराव, अंतिम यादीच्या रजिस्टरवर मॉडरेटरची सही लागते. ती मी अजून केलेली नाही. मागच्या वेळी न वाचता केली, आता वाचून करणार आहे. या पोरीवर आपण उपकार केले असं लिहिलेलं पत्र तिच्या फायलीत असेल, तर मी सही करणार नाही. संस्थेच्या अध्यक्षांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"मग काय लिहू?"

"जे झालं ते."

"संस्थेची चूक झाली असं लिहू?"

"संस्थेची नको. माझी लिहा. माझं नाव घाला."

त्यांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. मग टायपिस्टला बोलावलं. मी तोंडी सांगितलं, तिनं टाइप केलं. प्रश्न क्रमांक सतराची उत्तरसूची चुकीची होती. उमेदवाराचे उत्तर बरोबर असल्याने एक गुण वाढवण्यात येत असून नियमानुसार निवड करण्यात येत आहे. चुकीच्या उत्तरसूचीवर न वाचता सही करणारी मॉडरेटर, आणि खाली माझं पूर्ण नाव. मुकुंदरावांनी सही केली. मीही केली.

निकितानं पत्र शब्दन् शब्द वाचलं. वडिलांना वाचून दाखवलं. तेव्हा कुठे राठोडभाऊ पहिल्यांदा खुर्चीवर बसले. म्हणाले, "मॅडम, याची झेरॉक्स भेटन का? हिच्या मायले दाखोतो."

पुढच्या वर्षी मला मॉडरेटर म्हणून बोलावणं आलं नाही. अपेक्षाच नव्हती. सोनालीला बोलावलं, तिनं की ची बावीसच्या बावीस पानं घरी नेऊन सोडवली, असं कळलं. निकिता आता बारावीत आहे. केमिस्ट्रीत रडतखडत आहे, गणितात ठीक आहे. आली की माझ्या पुस्तकातल्या चुका काढते.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले. चूक आपली असली की समोरच्याला दुरुस्ती द्यायची, दया द्यायची नाही. सहानुभूतीचं पत्र छापील होतं, फक्त नाव भरायचं होतं. दुरुस्तीचं पत्र टाइप करायला पाच मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलं होतं.